बोलून लिहिलेलं पुस्तक

चितेगावच्या कंपनीतली पाळी संपली की बस यायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात, दीड वर्षं, मी मोबाइलवर पुस्तक लिहिलं. वेरूळकडच्या आमच्या शेतात बांधावरून भांडण झालं होतं. चुलत्यानं माझ्या मायला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं, तिचा डावा हात कोपरात मोडला. मी नऊ वर्षांचा होतो, ज्वारीत लपून बघत होतो. चुलता वारल्यावर ते सगळं लिहून काढलं.

प्रकाशक कुणी ओळखीचा नव्हता. जे शिकलो ते इंटरनेटवर. लेखकांच्या एका ग्रुपवर अनोळखी बाईंनी शुद्धलेखन तपासायची साइट सांगितली, फुकट मुखपृष्ठ कसं करायचं ते दाखवलं. पुस्तकाला लागणाऱ्या आयएसबीएन क्रमांकाचा अर्ज घरूनच भरला. मग लॅपटॉपवर फाइल जुळवून मागणी येईल तेवढ्याच प्रती छापणाऱ्या एका साइटवर चढवली. ई-पुस्तक लगेच विक्रीला लागलं.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्याच चुलत्याचा मुलगा पुंडलिकनगरला आमच्या दारात. हातातल्या मोबाइलवर माझंच मुखपृष्ठ.

"मेलेल्या माणसाची अब्रू काढतो व्हय रे?"

"दादा, आत ये. जे झालं तेच—"

कानाखाली अशी बसली की पुढचं मला ऐकूच आलं नाही. त्यानं लॅपटॉप उचलून फरशीवर आपटला, वर पाय देऊन चिरडला. मला मानेला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि ओट्यावरचा लोखंडी बत्ता उचलला.

"कोणत्या हातानं लिहिलं?"

उजवा हात ओट्यावर दाबून त्यानं दोन घाव घातले. तीन बोटं मोडली. तो आवाज मी विसरलो नाही. माय मधी पडली तर तिला ढकललं, तिचं कपाळ चौकटीवर फुटलं. रक्त डोळ्यात उतरत असताना ती उठली आणि माझ्या हातावर आडवी झाली.

"मोड आता माझा दुसरा हात. बापाचं राहिलेलं पुरं कर."

दादाचा हात तसाच वर राहिला. मग बत्ता टाकून तो निघून गेला. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. डॉक्टरांनी बोटांत तारा घातल्या.

लॅपटॉप गेला तरी फाइल ऑनलाइन खात्यात सुखरूप होती. ग्रुपवर विचारलं तेव्हा कुणीतरी सांगितलं, बोलून टाइप करा. दादानं घरी येऊन जे केलं तेही पुस्तकात घालायचं म्हणून मी बोलायला लागलो. आमची बोली मोबाइलला कळेना. 'बांध' म्हटलं की तो 'बांधकाम' लिहायचा. मी मोबाइलवर ओरडायचो. एक दिवस दादाचा हात त्याच बत्त्यानं ठेचतोय असं पानभर बोललो. मग ते परत वाचलं. पुसून टाकलं.

महिन्याभरानं काकू, म्हणजे दादाची आई, एकटीच आली. तक्रार मागं घे म्हणायला आली असणार, म्हणून मी ताठ बसलो.

"त्यासाठीच पाठवलंय त्यानं," ती म्हणाली. "पण ते मी सांगत नाय. मला वाचता येत नाय, काय लिहिलं ते ऐकव."

मोबाइलला पुस्तक वाचायला लावलं. त्या यांत्रिक आवाजात मायचा हात मोडला, तशी काकूनं पदर सरकवला. खांद्यावर वीतभर जुना व्रण, कातडी चुरगळलेली.

"त्याच दांड्याचा हाय. त्याच दिवशीचा. तुझ्या मायला तांब्याभर पाणी दिलं म्हणून. लई मारलं मला, कुणी इचारलं नाय. हे बी लिही."

मी मोबाइल तिच्यासमोर धरला. ती दोन तास बोलली. माय शेजारी बसून ऐकत होती; इतक्या वर्षांत तिलाही हे ठाऊक नव्हतं. दुपारी दोघी जावा एका ताटात जेवल्या.

अर्ध्याहून जास्त शब्द चुकीचे उमटले होते. डाव्या हातानं एकेक दुरुस्त केला, तिला वाचून दाखवलं, ती हो म्हणाली. मग साइटवरची जुनी फाइल काढून नवी चढवली.

दादावरची केस चालू आहे. काकू आता दादाचं घर सोडून लेकीकडं राहते.