चौकोनातली ढोलकी

माझ्या साडूंइतका सावकाश माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून दुसरा नसेल, आणि भीमेच्या दोन्ही काठांना आमची सोयरीक असल्यामुळं हे मी पुरेशी चौकशी करून सांगतो आहे. चार मिनिटांच्या एका भजनाची ढोलकी तयार करायला त्यांना अकरा महिने लागले. लाकूड कोरून कातडं चढवायचं असतं तर आठवड्याभरात झालं असतं. साडूंनी ती केली कॉम्प्युटरवर, एकेक ठोका उचलून चौकोनात ठेवत. त्यांना स्वतःला कुठलंही वाद्य येत नाही. वरातीत टाळ्या वाजवायची वेळ आली तरी ते शेजारच्याकडं बघून वाजवतात आणि दोन टाळ्या मागं राहतात.

साडू रांजणगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहेत. समोर आलेला नग उचलायचा, फिरवून बघायचा, मोजायचा आणि मन भरलं नाही तर बाजूला ठेवायचा, हे ते बावीस वर्षं करत आले. कंपनीची बस त्यांना घराशी सोडून जाते, पण ही सवय त्यांच्याबरोबर खाली उतरते. आमच्याकडं दौंडला जेवायला बसले की ताटातली भाकरी आधी उचलून कडेकडेनं फिरवून बघतात. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, "दाजी, पास हाय का?" तर शांतपणे म्हणाले, "हाय. पर या बाजूला जरा जाड हाय." यात टोमणा नसतो. भाकरी खरोखरच त्या बाजूला जाड असते.

त्यांची मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप शिरूरच्या घरी राहिला. त्यात तिनं कधीतरी गाणी बनवायचं सॉफ्टवेअर टाकलेलं होतं. साडूंनी ते उघडलं ते काढून टाकण्यासाठीच. पडद्यावर आडव्या ओळी आल्या, प्रत्येक ओळीत सोळा चौकोन. चौकोनावर टिचकी मारली की तो उजळायचा आणि त्या जागी एक ठोका वाजायचा. दुसऱ्या कुणी घाबरून बंद केलं असतं. साडूंनी मला फोन लावला. "पाव्हणं, हे तर आमचं हजेरीचं पान हाय. माणूस कामावर आला की चौकोन भरायचा, न्हाई आला की मोकळा सोडायचा." या तुकड्या-तुकड्यांच्या आवाजांना तिथं सॅम्पल म्हणतात हे समजल्यावर तर त्यांचा सगळा परकेपणाच गेला. सॅम्पल तपासण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं.

मग साडू आवाज गोळा करू लागले. आमच्या स्वयंपाकघरातले डबे त्यांनी वाजवून पाहिले, पिठाचा तेवढा पसंत केला, आणि जाताना म्हणाले की पीठ संपू देऊ नका, अर्धा भरलेलाच चांगला बोलतो. शिरूरच्या बाजारात मडकं घ्यायला गेले, तर मडकी विकणाऱ्या बाईंच्या ढिगातलं प्रत्येक मडकं कानाशी धरून टिचकीनं वाजवलं. बाई शेवटी म्हणाल्या, "मामा, पाणी प्यायला न्येताय का गाणं शिकवायला?" साडूंनी सगळ्यांत गोड आवाजाचं मडकं निवडून आणलं. ते गळकं निघालं. आमच्या अक्का, म्हणजे साडूंची बायको, माझी थोरली मेहुणी, त्याच्याखाली पातेलं ठेवून दोन दिवस काही बोलल्या नाहीत. साडूंना ते कळायलाही दोन दिवस लागले.

अक्कांचं सात बायकांचं भजनी मंडळ आहे. त्यांचे ढोलकीवाले मुलाकडं नाशिकला राहायला गेले आणि मंडळाच्या भजनाला नुसते टाळ उरले. साडूंनी ढोलकीची जबाबदारी घेतली. पहिल्यांदा त्यांनी सॉफ्टवेअरमधलेच तयार ठोके लावले. बायका म्हणाल्या, हे वरातीचं वाटतंय. दुसऱ्यांदा ठोके सौम्य होते आणि अंतर अगदी मोजून सारखं, केसाचा फरक नाही. पण आमच्या अक्कांच्या मंडळाची रीत अशी की पहिलं कडवं सावकाश, दुसरं जरा लगबगीनं, आणि तिसऱ्या कडव्याला कुणाची तरी बस सुटत असल्यासारखं. बायकांचं भजन संपलं, त्यांनी हात जोडले, आणि साडूंची ढोलकी पुढं बराच वेळ एकटीच वाजत राहिली.

"आम्ही न्हाई चुकलो," अक्का म्हणाल्या. "तुमचं यंत्र चुकलं."

साडूंनी हे म्हणणं मान्य केलं. पुढच्या तालमीला ते घड्याळ घेऊन बसले आणि बायका कुठल्या ओळीला किती पळतात ते वहीत टिपून घेतलं. मात्र त्यांना ठोकाच पसंत पडेना. चांगला ठोका चांगल्या हाताचाच लागतो, असं म्हणून ते अशा हाताच्या शोधात निघाले, आणि कुणीतरी खुटबावच्या एका आबांचं नाव सांगितलं. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते. साडू न्हावऱ्यावरून, पारगावच्या पुलावरून मोटरसायकलनं आले आणि चौफुल्यावरून मला सोबत घेऊन गेले.

आबांनी चाळीस वर्षं पंचक्रोशीत ढोलकी वाजवलेली. आता बाजेवर बसून होते. बोलावणी थांबून बरीच वर्षं झाली होती. "मी रांजणगावचा इन्स्पेक्टर," साडूंनी ओळख सांगितली, तर आबांनी पाय खाली घेतले आणि विचारलं, "म्या काय केलं?" तो गैरसमज मी निस्तरला. आबांनी हौसेनं ढोलकी खाली काढली, दोऱ्या ताणल्या, आणि अशी काही सुरुवात केली की मी मांडी सावरून बसलो. साडूंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"आबा, एवढं नको. उजव्या हाताची एकच थाप द्या. नुसती एक."

आबांनी एक थाप दिली.

"आता परत तीच."

असं आठ-दहा वेळा झालं. मग आबांनी ढोलकी मांडीवरून उतरवली आणि भिंतीकडं तोंड करून ठेवली. "भरलं ताट वाढलं ते नको, आन् एकेक शीत मागताय व्हय? माजी थट्टा करायला एवढ्या लांब आलात?"

मी ओशाळून उठलो. साडू उठले नाहीत. त्यांनी लॅपटॉप उघडून बाजेवर ठेवला आणि आधीची ढोलकी लावली, ती अगदी सारख्या अंतराची. आबा नको नको म्हणत ऐकू लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "कोण हाय हा? याला दम कसा लागत न्हाई?"

"त्येच तर, आबा," साडू म्हणाले. "म्हणून आलोय."

आबांनी ढोलकी पुन्हा मांडीवर घेतली. त्या दिवशी उजव्या हाताच्या चाळीस थापा झाल्या. घरी जाऊन साडूंनी त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर एकही दुसरीसारखी नाही. कारखान्याच्या हिशोबानं सगळा लॉट बाद व्हायला हवा होता. साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा एकही नग बाजूला ठेवला नाही, चाळीसच्या चाळीस थापा वापरल्या. पुढं दर गुरुवारी ते खुटबावला जाऊ लागले. डाव्या हाताचा घुमार झाला, बोटांचे बारीक ठोके झाले. आबाही लॅपटॉपकडं बोट करून सांगू लागले, "इन्स्पेक्टर, ह्यो चौकोन जरा मागं वढा. बाईला श्वास घ्यायचा असतो तितं." साडू एक चौकोन ओढायला अर्धा तास घेत. असे अकरा महिने गेले.

शिरूरच्या एका मंगल कार्यालयात भजनी मंडळांचा कार्यक्रम होता. आबांना रिक्षा करून आणलं, पहिल्या रांगेत बसवलं. साडू मंचाच्या कडेला खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसले. भजन सुरू झालं, आणि त्या दिवशी नेमकं न घडणारं घडलं. माणसांची गर्दी बघून अक्कांचं मंडळ दबकलं आणि पळायचं विसरलं. तिसऱ्या कडव्याला ढोलकी वहीतल्या टिपणाप्रमाणं धावत सुटली आणि बायका शांतपणे मागं राहिल्या. अक्कांनी गाता गाताच नवऱ्याकडं पाहिलं. साडूंनी ढोलकी बंद केली.

टाळ तेवढे चालू राहिले. मला वाटलं, संपलं. अकरा महिने पाण्यात. मग एक थाप ऐकू आली, मग दुसरी. ठोके तपासता यावेत म्हणून साडूंनी लॅपटॉपच्या एकेका बटणावर आबांचा एकेक ठोका ठेवलेला होता. ती बटणं ते दोन तर्जन्यांनी दाबत होते, नजर अक्कांच्या ओठांवर ठेवून. वरातीत टाळ्यांना मागं पडणारा हा माणूस घामाघूम होऊन वाजवत होता. दोन ठिकाणी चुकले. पहिल्या रांगेत आबांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर हलत होता. भजन आणि ढोलकी एकाच वेळी संपली.

आबा त्यांना म्हणाले, "दोनदा घसरलात. पर वाजवलंत." साडूंनी आबांच्या पायांना हात लावला. घरी आल्यावर अक्कांनी पहिला चहा नवऱ्याला दिला, पाहुण्यांना नंतर.

याला आता दोन वर्षं होत आली. मंडळाला तरुण ढोलकीवाली मिळाली आहे आणि लॅपटॉपचं काम कुणाला पडत नाही. तरी साडू गुरुवारी खुटबावला जातात. गेल्या महिन्यात मी बरोबर गेलो होतो. आबांच्या हातात आता दोरी ताणायचं बळ नाही, ऐकूही कमी येतं. साडूंनी लॅपटॉप त्यांच्या कानाशी धरला, आबांनी डोळे मिटून ऐकलं आणि एक चौकोन पुढं घ्यायला सांगितला. साडूंनी तो घेतला. आबा म्हणाले, मागंच बरा होता. साडूंनी तो मागं नेला. दोन तास असं चाललं.

परतताना चौफुल्यावर मी विचारलं, "काय राहिलंय हो अजून त्या ढोलकीचं?"

साडूंनी गाडी बाजूला घेतली, रुमालानं चष्मा पुसला, काच उजेडाकडं धरून तपासली.

"काम कवाच संपलंय, पाव्हणं," ते म्हणाले. "आबांना अजून सांगितलेलं न्हाई."