टिचकी

शेडमध्ये तिला सगळे कानवाली म्हणायचे. हे नाव तिच्या मुलानेच ठेवलेलं. कचऱ्यातून आलेलं प्लास्टिक तिच्यापुढे ढिगाने ओतलं जाई. ती एकेक तुकडा उचलायची, नखाने टिचकी मारायची आणि न बघताच टाकायची. बादली, झाकण, तेलाचा कॅन वाजायचे ढप. ते डावीकडे, भट्टीसाठी. पाइपाचा तुकडा वाजायचा टक, जीभ टाळूला लावून सोडावी तसा कोरडा. तो उजवीकडे, बाहेर. कारण टक वाजणारं प्लास्टिक तापलं की त्यातून आंबट धूर निघतो, आणि तो धूर भट्टीच्या नळ्या खातो, तेल नासवतो.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून ती भंगारात वाढली. नवऱ्याच्या हातगाडीमागून चालतानाही बोटं टिचक्या मारत असायची. "माझ्या डोक्यालाही मारून बघतेस की काय?" नवरा विचारायचा. "मारली होती, लग्नाआधीच," ती सांगायची, "पोकळ वाजलं, म्हणून हो म्हटलं." नवरा गेला. मुलगा वेल्डिंग शिकला, आणि एका जुन्या बॉयलरची त्याने ही बंद भट्टी केली. आत हवा नाही, ज्योत नाही, नुसती उष्णता. प्लास्टिक वितळायचं, त्याची वाफ व्हायची, वाफ थंड पाण्यातल्या नळीतून वळणं घेत यायची, आणि नळीच्या तोंडाशी तेलाचा पहिला थेंब पत्र्याच्या पिंपात पडायचा. टप्.

त्या थेंबासाठी ती काम थांबवायची. तिला वाटे, हे सगळं मुळात तेलच होतं. जमिनीखाली, माणसाच्याही आधी, एक काळा समुद्र निजलेला होता. कुणीतरी त्याला उठवून बादली केलं, खुर्ची केलं, टूथब्रश केलं. बिचारा इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आकारात राबला. आता थेंबाथेंबाने पुन्हा निजायला निघालाय. दुपारी पत्र्याच्या भोकांतून ऊन ढिगावर पडे तेव्हा तिला तो ढिगारा श्वास घेताना दिसायचा.

सून आली ती नवी युक्ती घेऊन. एक मोठा टब पाण्याने भरून म्हणाली, "आई, सोपं आहे बघा. बुडतं ते वाईट, तरंगतं ते आपलं."

"ओलं वाळवायला दिवस जातो," मुलगा म्हणाला.

"आणि पाण्याला विचारून काम करायला मला कान नाहीत का?" कानवाली म्हणाली. मग ढिगाकडे तोंड करून पुटपुटली, "कानामागून आली आणि तिखट झाली."

"ऐकू आलं हं, आई."

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

टब उपडा झाला. सून त्याच्यावर बसून झाकणांच्या आतले कागद सोलू लागली.

आवाज मात्र एकेक करून निघून गेले, पाहुणे जातात तसे, निरोप न घेता. आधी छपरावरची पाखरं गेली. मग कपातला चमचा. मग थेंब. तिला आधी वाटलं, जगच जरा शहाणं झालंय, हळू वागतंय. बोलणाऱ्याचे ओठ बघायची सवय कधी लागली तेही कळलं नाही. एके दिवशी तिने पाइपाचा तुकडा उचलला, टिचकी मारली, आणि तो ढप वाजला. बादलीही ढप. टेबलही ढप. तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. तिने तो तुकडा नुसत्या डोळ्यांनी पारखून उजवीकडे टाकला, आणि पुढचे कितीतरी तशाच अंदाजाने.

महिन्याभराने, त्यांचं तेल इंजिनासाठी विकत नेणारा गिरणीवाला पिंप परत घेऊन आला. "इंजिन खोकून खोकून बसलं," तो म्हणाला. "पुन्हा असं झालं तर आपला रामराम." मुलाने भट्टी उघडली तर आंबट वासाने डोळे चुरचुरले, नळीचा सांधा हिरवट पडून झिजलेला. तो तडक बायकोकडे वळला.

"मागच्या महिन्यात आई चहाला उठली, तेव्हा ढिगाजवळ तू बसली होतीस ना?"

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटांत दहा पाइप जातात. उद्यापासून ढिगाला हात लावायचा नाहीस. घरी बस."

कानवालीने हे त्याच्या ओठांवर वाचलं. सुनेने सासूकडे पाहिलं, आणि त्या नजरेतून कानवालीला कळलं की हिला ठाऊक आहे. गेले कित्येक दिवस ही आपल्याशी समोर येऊनच बोलते आहे, आणि मोठ्याने.

कानांवर हात ठेवणं सोपं होतं. तसंही कान आता तेवढ्याच कामाचे उरले होते. पण ढिगापासून उठवलं तर आपण कोण? कानवाली या नावातून कान काढला तर उरतं काय? ती बराच वेळ बोटं चोळत राहिली. मग तिने एक पाइप आणि एक झाकण मुलाच्या हातात दिलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

"मार टिचकी. कोणतं कुठलं ते मी सांगते."

तिच्यासमोर भिंत होती. भिंतीवर उन्हाचे गोल कवडसे, संथ, तळ्यावर पडल्यासारखे. ती वाट बघत राहिली.

"मारलीस का रे?"

शेवटी तिने मागे वळून पाहिलं. मुलाच्या दोन्ही हातांत तुकडे तसेच होते, आणि त्याचे डोळे भरले होते.

"तीनदा," त्याचे ओठ म्हणाले.

"तिला बोललास ते मागे घे आधी," ती म्हणाली. "आणि तो टब सरळ कर."

नवा माल पाण्यातून काढून जाळीवर वाळायला दोन दिवस गेले. बुडालेलं बाहेर, तरंगलेलं भट्टीत. ओले तुकडे पसरायला कानवाली, वाळलेले वेचायला सून. तिसऱ्या दिवशी दुपारी भट्टी तापली, तेव्हा दोघी पिंपाशी बसल्या. कानवाली नळीकडे न बघता डोळे मिटून होती. कशाची वाट बघते आहे ते तिने सांगितलं नाही.

तिच्या मनगटावर एक टिचकी बसली.

तिने डोळे उघडले. सून नळीच्या तोंडाकडे बघत होती. पुन्हा टिचकी. मग जरा थांबून आणखी एक.

"पडायला लागलं?"

सुनेने मान हलवली. टिचकी. टिचकी.

"मला काय वाजवून बघतेस?" कानवाली म्हणाली. "सांग तरी, ढप की टक?"

सून तिच्या समोर तोंड आणून, सावकाश, एकेक शब्द म्हणाली, "तुम्हाला पाण्यात बुडवूनच बघावं लागेल, आई."

कानवाली हसली तेव्हा टिचक्या चुकल्या. तिने हात पुन्हा पुढे केला आणि डोळे मिटले. थेंब आता भरभर येत होते, मनगटातून आत, कोपरापर्यंत, आणि ती मोजत नव्हती.