नसरीननं मला 'बे' म्हटलं तेव्हा

परवा स्वयंपाकघरात लेक मला म्हणाली, "ब्रो, मीठ कमी पडलंय." झारा माझ्या हातात तसाच राहिला आणि मी थेट वऱ्हाडातल्या अमडापूरच्या आमच्या बैठकीत जाऊन पोचले.

मला पाहायला पाहुणे आले होते. दुसऱ्या दिवशी बारावीचा पेपर होता, पण त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. खोलीत पोह्यांचा आणि अत्तराचा वास दाटला होता. तेवढ्यात माझी मैत्रीण नसरीन दारात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काऊन बे, उद्या पेपर हाय अन् तू इथं बसून राह्यली?"

आमच्याकडे पोरींना 'वं' म्हणतात. 'बे' हा पोरांचा शब्द. आईचा चेहरा पांढराफटक पडला. मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. "अशा मैतरणी हायेत तुह्या?"

"हाव," मी म्हणाले.

पाहुणे उठून गेले. बाबा म्हणाले, "जाय, अभ्यास कर."

तेव्हा वाटलं, नसरीननं माझी अब्रू घालवली. आज कळतं, त्या दिवशी मला पोरांच्या बरोबरीचं समजणारी ती एकटीच होती.