टेबलाची खालची बाजू

वेंगुर्ल्यात वजीराबायच्या पडवीत दुपारी गेलं, की आपण हळदीच्या घरात शिरलो की काय असं वाटतं. फणसाच्या लाकडाची पिवळी भुकटी तिच्या हातांवर, भुवयांवर, चहाच्या कपावरसुद्धा. समोर कुणाचं तरी जेवणाचं जुनं टेबल, आणि ती अर्धवट डोळे मिटून त्यावर पॉलिशपेपर फिरवत असते. "कोण कोण जेवली असतली हेच्यार!" असं स्वतःशीच पुटपुटते.

हा धंदा तिच्या नवऱ्याचा. तो गेल्यावर लाखेच्या पॉलिशचा डबा तिनं उचलला. लोकांना आता काचेची टेबलं हवीत, लाकडी टेबलं सरपणाशेजारी पडतात. वजीरा त्यांना परत माणसात आणते.

तिचा नियम एकच, खालची बाजू घासायची नाही. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात तिनं घरचं टेबल उलटं करून लख्ख केलं आणि नवऱ्यानं पेन्सिलीनं लिहिलेली मापं पुसली गेली. त्याचं अक्षर घरात दुसरीकडे कुठेच नव्हतं. बाई दोन दिवस जेवली नाही.

गुरुदासला तिच्याकडे मीच पाठवलं. मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेला हा माझा शेजारी. मनानं सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. त्याची थोरली बहीण गेल्या मे महिन्यात वारली. लहानपणी दोघं ज्या टेबलावर जेवली, तेवढं एकच त्यानं तिच्या घरून मागून आणलं होतं, काळंकुट्ट आणि डुगडुगणारं.

महिन्यानं आम्ही ते न्यायला गेलो. ऊन कललं होतं, जेट्टीकडून वारा येत होता आणि पडवीत टेबल पिवळंधमक उभं होतं. गुरुदास पायरीवरच थबकला.

"माझा टेबल काळा होता. ह्या कोणाचा? माझा खंय इकलंस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्या भरवशावर लोक घरच्या वस्तू सोडून जातात, तिला हा तोंडावर चोर म्हणत होता. गावभर व्हायला एक संध्याकाळ पुरली असती, मग तिच्या पडवीत कोण आलं असतं? फणसाचं लाकूड घासलं की मूळचा पिवळा रंग वर येतो, हे मी सांगून पाहिलं. तो ऐकेल तर शपथ!

वजीरानं हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, खाली शिरान बघा."

अडुसष्ट वर्षांचा गुरुदास कुरकुरत, गुडघे धरत टेबलाखाली शिरला आणि पाठीवर आडवा झाला. फक्त पाय बाहेर. भुकटी उन्हात तरंगत होती. आता आतून कुणीतरी ह्या पोराला जेवायला हाक मारील, असं मला उगीच वाटत राहिलं.

शेवटी मीही वाकलो. फळीवर शिसपेन्सिलीनं गिरवून गिरवून लिहिलं होतं, 'गुरू ढ आसा.'

"ताईचा अक्षर," तो म्हणाला. हसायला गेला आणि ढसाढसा रडला. बोट अक्षरांवरून फिरवत होता, पण टेकवत नव्हता.

बाहेर आला तेव्हा पाठ भुकटीनं माखली होती. तो वजीरासमोर हात जोडून उभा राहिला.

"वजीराबाय, माझ्या ताईन बरोबर लिवल्यान."