मारलं कुणी ते लिही

माझ्या प्रबंधात एक वाक्य होतं : ‘सदर कारखान्यात शिस्तीच्या अनुषंगाने काही प्रसंगी कामगारांवर बळाचा वापर करण्यात आल्याचे व त्यातून एका कामगाराच्या दृष्टीस बाधा पोहोचल्याचे निदर्शनास येते.’

या वाक्याचा मला लई अभिमान. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. विद्वान माणसं असंच लिहितात, अशी माझी खात्री.

माझ्या मार्गदर्शक मॅडम प्रत्येक वाक्य उभं राहून मोठ्यानं वाचायला लावायच्या. दम लागला की वाक्य कापायचं.

“वाक्य आहे का वरात? आणि नवरदेव कुठाय?” त्या म्हणाल्या. “मारलं कुणी? कशानं? डोळा फुटला ना? मग फुटला म्हण की.”

मारणारा माझा बाप होता.

आबा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. माग दुरुस्त करायचे अन् विणकरांवर नजर ठेवायची. मी नऊ वर्षांची असेन, डबा द्यायला गेले होते. एका विणकराला चालत्या मागावर डुलकी लागली आणि कापड फाटलं. आबांनी त्याला गचांडी धरून ओढलं आणि हातातला धोटा त्याच्या तोंडावर हाणला. धोटा म्हणजे आडवा धागा नेणारं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड. तो माणूस खाली बसला तरी आबा थांबले नाहीत. त्याच्या बोटांतून रक्त गळून पांढऱ्या टॉवेलांवर पडलं. बाकीचे माग चालूच होते. एकानंही मान वळवली नाही. आबा मला म्हणाले, “डबा ठेव अन् जा.”

प्रबंधासाठी मी त्याच विणकराकडं गेले होते. त्याचा डावा डोळा मिटलेला. “तुज्या बापाला ईचार की,” एवढंच तो बोलला.

मॅडमकडून घरी, कुंभारीला आले आणि वाक्य नव्यानं लिहिलं : ‘जॉबरने विणकराच्या तोंडावर धोटा मारला. त्याचा डावा डोळा फुटला.’ कापायला एकही शब्द उरला नव्हता. पण प्रबंधावर आडनाव माझं, म्हणजे आबांचं. सगळ्या कारखान्यांत ते आडनाव माहीत. न सांगता छापणं मला जमेना. आबा जेवत होते. मी वाचून दाखवलं.

“म्हंजे पोरीला शिकवलं ते ह्याच्यासाठी व्हय,” म्हणत ते उठले. उष्ट्या हातानं माझ्या कानाखाली अशी बसली की मी कपाटावर जाऊन आदळले. आई मधे आली, तिलाही ढकललं. वही उचलून दारात फेकली.

मी वही आणली, तेच पान उघडलं आणि उभी राहून पुन्हा वाचलं. तोंडात रक्त आलं होतं, त्यामुळं सावकाश वाचलं.

या खेपेला आबांचा हात वरच राहिला. मग ते ताटावर बसले. भात कालवायला लागले, पण घास घेईनात.

“एकदा न्हवं,” ते ताटाकडं बघत म्हणाले. “तीनदा मारला हुता. लिवायचंच तर नीट लिव.”