सासूबाईंची परत आलेली पाळी

“म्याडम, माही पिशवी काढूनच टाका,” सुनीता म्हणाली.

वाशीमला माझं स्त्रीरोगाचं क्लिनिक आहे. सुनीता जवळच्या किन्हीराजा गावची, चाळिशीची. तिची थोरली बहीण नुकतीच गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली होती. तेव्हापासून हिला झोप नव्हती. जराशी कंबर दुखली तरी वाटायचं, आपला नंबर लागला. सोबत सासू होत्या, कमलाबाई, साठीच्या पुढच्या.

मी सुनीताचा पॅप स्मिअर घेतला. म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी ब्रशने घेऊन लॅबला पाठवायच्या. सोनोग्राफी नॉर्मल होती. “रिपोर्ट येऊ दे. उगाच पिशवी काढायची नसते,” मी समजावलं.

कमलाबाई हसल्या. “हे अशीच भेते, म्याडम. माह्यं पाहा, कितीक वर्सं पाळी बंद होती, आता पुन्हा सुरू झाली. म्हातारपणी जवानी आली म्हणा.”

मी लिहिता लिहिता थांबले. “कधीपासून?”

“दिवाळीपासून. थोडंसंच जाते. दुखत नाई काई.”

“घरात सांगितलं नाही?”

“कायले सांगू? गावात शिबिर झालं, तवा तपासलं होतं. चांगलं निघालं.”

शिबिरातली तपासणी पिशवीच्या तोंडाची असते. आतल्या अस्तराचा कॅन्सर तिच्यात सापडेलच असं नाही. आणि या अस्तरासाठी सरसकट सगळ्या बायकांची करावी अशी स्क्रीनिंग टेस्टच नाही. शरीर खूण देतं ती हीच, पाळी गेल्यानंतरचं रक्त. बहुतेकदा कारण साधं निघतं. पण ते तपासल्याशिवाय म्हणता येत नाही.

मी लगेच त्यांची आतून सोनोग्राफी केली. या वयात अस्तर पातळ हवं. त्यांचं चांगलंच जाड होतं.

“बारीक नळीने आतला तुकडा घ्यावा लागेल. बायोप्सी,” मी म्हणाले.

त्यांचं हसू गेलं. “कॅन्सर हाय काय?”

“ते तपासल्यावरच कळेल.”

ठरल्या दिवशी त्या आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत. ते जाड अस्तर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी मीच फोन केला. सुनीताने उचलला.

“आत्याबाई येत नाई म्हणतात, म्याडम. तपासलं नाई तोवर कॅन्सर नाई, असं म्हणतात. जेवतबी नाईत.”

तीच पुढे म्हणाली, “माही बहीणबी असंच म्हणे. मी आणतो त्याइले.”

दुसऱ्या दिवशी तिने सासूला आणलं. टेबलावर कमलाबाईंनी सुनेचा हात इतका आवळला की तिची बोटं पांढरी पडली. सुनीता स्वतः घामाने भिजली होती, पण तिने हात सोडवला नाही.

रिपोर्टची वाट पाहण्याचे दिवस दोघींना फार जड गेले. रिपोर्ट कॅन्सरचाच आला.

एमआरआय झाला. मग नागपूरला ऑपरेशन झालं. पिशवी, नळ्या, अंडाशयं काढली. कॅन्सर पिशवीच्या भिंतीत खोल शिरला नव्हता. पुढे किमोही लागली नाही, रेडिएशनचा शेकही नाही. आता फक्त ठरलेल्या तपासण्या. सुनीताचा पॅप नॉर्मल आला आणि तिची पिशवी जागेवर आहे.

पाळी जाऊन वर्ष उलटलं की नंतरचा एक डागसुद्धा पाळी नसतो. तो दुखत नाही, म्हणून बाया सांगत नाहीत. आणि आम्ही डॉक्टर फक्त केसपेपर जिच्या नावाचा, तिलाच विचारतो.