पत्रिकेत शाळेचं नाव

काका लग्न लावायला नाही म्हणतील, एवढीच भीती धरून मी त्या रविवारी सिडनीतल्या गिरावीनला गेले. मूर्ख मी.

काका म्हणजे आमच्या रविवारच्या वंदनेचे काका. तिथल्या भाड्याच्या हॉलमध्ये त्रिसरण-पंचशील तेच देतात, आणि इथल्या सरकारची मान्यता असल्याने आमच्या लोकांची लग्नंही तेच लावतात. मी आणि माझी मैत्रीण सात वर्षं एकत्र राहतोय. ऑस्ट्रेलियात दोन बायकांचं लग्न कायद्याने होतं, पण धर्माच्या रीतीने लग्न लावणाऱ्याला नाही म्हणायची मुभाही त्याच कायद्यात आहे. काकांनी ती वापरली असती तर मी काय डोंबल बोलणार होते?

त्यांनी नाही वापरली. चष्मा पुसला, मुलगी काय करते विचारलं, नर्स आहे म्हटल्यावर मान डोलावली. मग पांढऱ्या साड्या हॅरिस पार्कच्या देशी दुकानांत मिळतील की नागपूरहून मागवायच्या, यावर काकूंशी वाद घालत बसले. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडून घेतलं.

बाहेर येते तो वंदनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांचा मेसेज: मंगल परिणय. आमच्यात नावापुढे शिक्षण आणि नोकरी लिहिल्याशिवाय पत्रिका होतच नाही. साधा बी.ए. असला तरी लिहायचं, कारण त्याच्या आज्याला शाळेच्या उंबऱ्याआत घेतलं नव्हतं. काकांनी अभिमानाने लिहिलं होतं, एम.एस्सी., बी.एड., गणिताच्या शिक्षिका, आणि पुढे शाळेचं अख्खं नाव.

शाळा चर्चची. नोकरी धरताना मी सही केलीये की शाळेच्या श्रद्धेला धरून वागेन. तेव्हा वाटलं, दारू पिऊन येऊ नका म्हणत असतील. पुढे एका वकील मैत्रिणीने समजावलं की सरकार आमचं लग्न मान्य करेल आणि त्याच लग्नापायी शाळा मला काढूही शकेल. दोन्ही कायदेशीर. तेव्हापासून स्टाफरूममध्ये मी हिला फ्लॅटमेट म्हणते. लाज वाटते, पण म्हणते.

आणि ग्रुपमध्ये माझ्या सातवीतल्या एका मुलीची आई होती. पहिला हार्ट तिचाच आला होता.

मी काकांना बाजूला घेतलं. वाटलं, चळवळीतला माणूस, लपवाछपवी म्हटल्यावर भडकणार. त्यांनी सगळं ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"काढ. मला काढता येत नाही." मग हळूच म्हणाले, "पुण्यात खोली मिळावी म्हणून मी तीन वर्षं दुसरंच आडनाव सांगितलं होतं, बाळा. रोज वाटायचं, आज कळणार."

मेसेज काढला. खरं तर मला धीर यायला हवा होता. उलट जास्तच घाबरले, कारण घरमालकाला शेवटी कळलं का, हे त्यांना विचारायचं होतं आणि विचारवेना.

सोमवारी गेट ड्यूटी माझी. ती आई एरवी मुलीला कारमधूनच सोडून निघून जाते. आज उतरली. प्रिन्सिपॉल दहा पावलांवर उभे होते. ती माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "मिस, अभिनंदन. मी कुणालाच बोलणार नाही. हिलाही बजावून ठेवलंय, शाळेत बोलायचं नाही म्हणून."

बाई मनाने चांगली, त्यात शंका नाही. पण हिला म्हणजे बारा वर्षांच्या पोरीला. पोर माझ्याकडे बघून गोड हसली, दप्तर सावरलं आणि मैत्रिणींच्या घोळक्याकडे पळाली.